पाठीवरचे बिऱ्हाड आणि मित्राचे दार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला स्थिर घर नाही, ज्याचा सारा पसारा एका गाठोड्यात मावतो, अशा माणसाविषयी ती काहीशा कीवेने वापरली जाते. युरोपात मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत ह्याच पाठीवरच्या बिऱ्हाडाला चांगली प्रतिष्ठा लाभली आहे. राहते घर भाड्याने द्यावे, मोटारीतच निजण्याची, स्वयंपाकाची व बसण्याउठण्याची सोय करून घ्यावी, आणि सहा महिने, वर्ष, दोन वर्षे देशोदेशी हिंडावे, असे करणारी कुटुंबे तिकडे पुष्कळ आहेत. जर्मनीच्या फोक्सवॅगन कारखान्याची पेटीच्या आकाराची गाडी १९५० साली रस्त्यावर आली, आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया ह्या कारखान्याने तिच्यात बसवावयाचे बिछान्याचे व कपाटाचे सामान तयार केले. तेव्हापासून चाकांवरचे घर ही श्रीमंतांची चैन न राहता मध्यमवर्गीयांच्याही आवाक्यातील गोष्ट झाली.

आता ही गोष्ट आपल्या वाचकांपासूनही फार दूर राहिलेली नाही. ज्यांची मुले व मित्र जर्मनीत, हॉलंडात किंवा फ्रान्समध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झाले आहेत, अशी मराठी घरे आज गावोगावी आढळतात. निवृत्तीनंतर दोनतीन महिने तिकडे जावे, अशी एखादी गाडी भाड्याने घ्यावी, आणि वाटेत ओळखीच्यांकडे मुक्काम करीत भ्रमंती करावी, हा विचार अनेकांच्या मनात येतो. तो विचार चांगलाच आहे. परंतु घर बरोबर घेतले म्हणजे कोणाच्या दारी जावे लागत नाही, आपण पूर्ण स्वतंत्र झालो, अशी जी समजूत त्यामागे असते, ती मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम त्या गाडीचाच विचार करू. तिच्यात पाण्याची टाकी असते; साधारणतः शंभर लिटर पाणी मावते. आपल्या घरी एक माणूस सकाळच्या स्नानात व कपडे धुण्यात जेवढे पाणी सहज वापरतो, तेवढ्यात तेथे चौघांनी दोन दिवस काढावयाचे असतात. वापरलेले पाणी निराळ्या टाकीत साठते, शौचाची टाकी त्याहून निराळी असते, आणि ह्या दोन्ही टाक्या नेमून दिलेल्या जागीच रिकाम्या कराव्या लागतात. स्वयंपाकासाठी गॅसची लहान टाकी असते, विजेसाठी बॅटरी असते; आणि ह्यांपैकी प्रत्येक वस्तू चारदोन दिवसांनी संपते. म्हणजे हे घर स्वतंत्र दिसले तरी त्याची दोरी कोठेतरी बांधलेलीच असते. पाणी भरू देणारा, वीज घेऊ देणारा, गाडी उभी करू देणारा कोणीतरी लागतोच. ज्या गावी मित्राचे अंगण असते, तेथे ही सारी सोय मिळते. आणि जेथे ते नसते, तेथे प्रत्येक गोष्टीचे दाम मोजावे लागतात.

दुसरा विचार कायद्याचा. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यास युरोपातील शेंगेन करारात सामील असलेल्या २९ देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत ९० दिवसच राहता येते. एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याने हा हिशेब नव्याने सुरू होत नाही. ब्रिटन व आयर्लंड ह्या करारात नाहीत. त्यांची अनुमती निराळी घ्यावी लागते. अर्ज करताना निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो, आणि मुक्काम कोठे करणार ह्याचा पुरावाही द्यावा लागतो. मित्राकडे उतरणार असाल, तर फ्रान्समध्ये त्या मित्राला नगरपालिकेत जाऊन तुम्हांस घरी ठेवून घेण्याचे प्रमाणपत्र काढावे लागते. त्यासाठी घर आपले आहे आणि त्यात पाहुण्यास पुरेशी जागा आहे, हे तो कागदपत्रांनिशी सिद्ध करतो. जर्मनीत पाहुण्याचा खर्च यजमानाने पत्करला, तर तसे बंधपत्र त्याला सरकारी कचेरीत लिहून द्यावे लागते, आणि पुढे पाहुण्यामुळे सरकारला खर्च आला तर तो ह्या यजमानाकडून वसूल होऊ शकतो. आपण ज्याला नुसता पाहुणचार म्हणतो, त्याच्या पाठीमागे तेथे सहीशिक्क्याची जबाबदारी उभी असते. आपल्यासाठी कोणी असा कागद सही करून दिला असेल, तर तो कागद नसून विश्वास आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

असा विश्वास कोणताही कायदा मागत नव्हता, त्या काळातील एक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर ह्यांच्याशी त्यांचा काही वर्षे पत्रव्यवहार झाला होता. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली ही मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरली, आणि त्या बाईंनी तिला आपल्या घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, त्या यशात ह्या मावशीच्या घराचा वाटा किती होता, हे सांगावयास नको. सातासमुद्रापलीकडे जाताना त्यांच्यापाशी नव्या देशात टेकण्याजोगे स्थान काय होते? कोणा एका स्त्रीने पत्रातून देऊ केलेले घर. तेवढ्या बळावर त्यांनी जहाजावर पाय ठेवला.

विलायतेच्या वाटेवरून आता आपल्याच देशाच्या वाटेवर येऊ. कारण दीर्घ प्रवास आणि परक्या मुलखातील ओळखीचे घर ही जोडी आपल्याला नवी नाही. रेल्वे येण्यापूर्वी कोकणातून वा देशावरून काशीस निघालेला माणूस घरच्यांचा निरोप घेई तो परत येण्याची खात्री नसल्यासारखाच. वाटेत सराया व धर्मशाळा असत, क्षेत्राच्या ठिकाणी तीर्थोपाध्याय असत. त्यांच्या वह्यांत आपल्या आजोबापणजोबांच्या सह्या पाहावयास मिळत, आणि त्या सह्यांच्या नात्याने उतरण्यास जागा मिळे. त्याशिवाय इंदूर, धार, ग्वाल्हेर, झाशी, सागर अशा ठिकाणी मराठी राज्यांच्या निमित्ताने जाऊन राहिलेली घरे होती. उत्तर हिंदुस्थानच्या नकाशावर ही घरे दिव्यांच्या माळेसारखी पसरलेली होती, आणि प्रवासी एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्याकडे चालत जाई.

ह्या माळेच्या आधाराने झालेल्या एका प्रवासाची हकीकत विष्णुभट गोडसे ह्यांनी ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे हे वैदिक ब्राह्मण. घरात कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि दानधर्म पुष्कळ होणार आहे, अशी वार्ता आली. तेव्हा चार पैसे मिळवून कर्ज फेडावे, आणि तीर्थयात्राही घडावी, ह्या हेतूने चुलत्यांच्या सोबतीने ते १८५७ साली पायी निघाले. मध्य हिंदुस्थानात पोहोचतात तोच तो प्रसिद्ध उठाव सुरू झाला. मथुरेचा यज्ञ बाजूलाच राहिला. पुढे हे दोघे झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास गेले, आणि १८५८ सालच्या मार्च महिन्यात सर ह्यू रोझच्या फौजेने शहरास वेढा दिला तेव्हा आत अडकून पडले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. घराघरांत शिरून कत्तल व लूट चालली असता हे चुलतेपुतणे जीव मुठीत धरून दडून राहिले. प्राण वाचले, मिळविलेली दक्षिणा गेली.

ज्या घरात ते दडले होते, त्या घराच्या मालकाची अवस्था त्यांच्याहून निराळी नव्हती. पाहुणा परका होता, कधीतरी निघून जाणार होता. यजमानाचे मात्र घर, कुटुंब आणि गाव सारेच त्या आगीत होते. तरीही पाहुण्यास बाहेर काढण्यात आले नाही. पाहुणचार म्हणजे पंक्तीला एक पान अधिक मांडणे, असा अर्थ आपण सुखाच्या काळात करतो. त्या दिवसांत त्याचा अर्थ मृत्यू समोर असता दार न लावणे, असा होता. विष्णुभट पुढे काशीपर्यंत गेले, आणि घरी परतताना त्यांनी गंगोदकाची कावड खांद्यावरून आणली. कर्ज फेडण्यासाठी निघालेला माणूस धनाऐवजी आईवडिलांसाठी गंगेचे पाणी घेऊन आला, आणि एक ऋण अंगावर घेऊन आला, ते वाटेवरच्या घरांचे.

ते ऋण त्यांनी लिहून फेडले, असे म्हणण्यास हरकत नाही. चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली, आणि वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितास धरून दत्तो वामन पोतदार ह्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. ह्या पुस्तकाचा लखनौशी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. लखनौच्या चौकात आयुष्य घालविलेले हिंदीचे थोर कादंबरीकार अमृतलाल नागर ह्यांनी त्याचा ‘आँखों देखा गदर’ ह्या नावाने हिंदी अनुवाद केला. पुढे १९५७ साली, उठावाच्या शताब्दीच्या वेळी, नागरजी स्वतः अवधच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी राहिलेल्या आठवणी गोळा करून त्यांनी ‘गदर के फूल’ हा ग्रंथ सिद्ध केला. कोकणातल्या एका भिक्षुकाचा प्रवास एका लखनवी लेखकाने आपल्या भाषेत आणून ठेवला, आणि मग तो स्वतःही प्रवासाला निघाला. अनुवादाचे काम करणाऱ्यास ह्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. अनुवादक हाही परक्या भाषेच्या घरी दीर्घ मुक्कामास राहिलेला पाहुणाच असतो. घरातील वस्तू कोठे ठेवलेल्या आहेत, हे त्याने मुकाट्याने पाहून शिकावयाचे असते. आपल्या सोयीसाठी त्यांच्या जागा बदलावयाच्या नसतात.

लखनौचाच विषय निघाला, तर प्रवासाने मिळविलेल्या विद्येचे ह्याहूनही मोठे उदाहरण येथील कैसरबागेत उभे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईच्या वाळकेश्वरचे, व्यवसायाने वकील. पत्नी व कन्या ह्यांच्या निधनानंतर त्यांनी संसार जणू गुंडाळून ठेवला, आणि संगीतशास्त्राच्या शोधासाठी देश पालथा घातला. १९०४ साली दक्षिणेचा, १९०७ साली पूर्वेकडील प्रांतांचा, आणि १९०८ साली उत्तरेचा असे त्यांचे तीन मोठे प्रवास झाले. ह्या शेवटच्या प्रवासात लखनौचाही मुक्काम होता. बरोबर प्रश्नांची यादी आणि टिपणवह्या असत. ज्या गावी जावे तेथील जाणकारांची ओळख काढावी, त्यांच्यापुढे बसावे, प्रश्न विचारावे, आणि रात्री दिवसभराची हकीकत लिहून ठेवावी, असा त्यांचा क्रम असे. दक्षिणेत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ ह्या ग्रंथाची प्रत त्यांना तेथेच मिळाली. जयपूरच्या महंमद अली खाँ ह्यांच्या घराण्यातील शेकडो चिजा त्यांनी पुढे मिळविल्या व लिहून घेतल्या.

ही विद्या दुकानात मिळणारी नव्हती. खाँसाहेबांची चीज म्हणजे त्यांची जमीनजुमला. ती ते मुलालाच देत, फार तर जावयाला. कोणा परप्रांतीय वकिलाला ती का द्यावी? भातखंड्यांशी वाद घालणारे, त्यांना टाळणारे, रिकाम्या हाताने परत पाठविणारे लोकही त्यांना पुष्कळ भेटले. तरी जेथे दार उघडले, तेथे त्यांनी ते उघडणाऱ्याचा मान राखला. आणि मिळाले ते स्वतःच्या पेटीत न ठेवता ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून साऱ्या देशाला वाटून टाकले. गाणे शिकणारा कोणत्याही गावचा मुलगा आज ती चीज उघडून पाहू शकतो. परक्याच्या घरी जे मिळते, ते आपल्या घरी कोंडून ठेवावयाचे नसते, हा धडा त्यांच्या प्रवासातून मिळतो.

लखनौने ह्या पाहुण्याला तसेच उत्तर दिले. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली खाँ हे त्यांचे स्नेही व अभ्यासक झाले. त्यांनी भातखंड्यांच्या पद्धतीवर उर्दूत ग्रंथ लिहिला. दरियाबादचे राय उमानाथ बली आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली ह्यांनी पुढाकार घेतला. १९२४ व १९२५ साली अखिल भारतीय संगीत परिषदेची अधिवेशने येथे भरली, आणि १९२६ साली संगीताचे महाविद्यालय निघाले. गव्हर्नर मॅरिस ह्यांचे नाव त्याला देण्यात आले होते. १९६६ साली राज्य सरकारने ते आपल्याकडे घेतले तेव्हा त्याला भातखंडे ह्यांचे नाव मिळाले, आणि आज त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. मुंबईच्या मराठी माणसाने, अवधच्या मुसलमान व हिंदू तालुकदारांच्या साह्याने, नवाबांच्या कैसरबागेत विद्येचे घर बांधले; प्रवासाची सांगता ह्याहून चांगली कोणती असणार?

त्या घराची पुढची कथाही पाहुणचाराचीच आहे. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर १९२८ साली ह्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि सुमारे तीन दशके लखनौत राहिले. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथला एक अकरा वर्षांचा मुलगा १९३६ साली त्यांच्याकडे शिकावयास आला, आणि त्यांच्याच घरी घरचा म्हणून वाढला. तेच पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून विख्यात झाले. महाराष्ट्रात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना घराघरांनी शिकविले, पंढरीच्या वाटेवरील गावे वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालीत आली. त्याच रिवाजाचे हे लखनौतील रूप होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी अशा अन्नावर ज्यांचे शिक्षण झाले, त्यांतले कित्येक पुढे स्वतः यजमान झाले. पाहुणचाराची परतफेड ज्याची त्यालाच करता येत नाही. ती पुढच्या पाहुण्याला करावयाची असते.

आता ज्यांना खरोखरच प्रवासास निघावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मित्राच्या घरी जावयाचे, तर येण्याचा दिवस कळवितो तसा जाण्याचा दिवसही आधीच कळवावा. तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल जाते, असा टोमणा आपल्या जुन्या म्हणीत आहे. तो अगदीच खोटा नाही. युरोपातील घरी नोकरमाणसे नसतात. नवराबायको दोघेही नोकरीवर जातात, मुलांच्या शाळा असतात, आणि आठवड्याची राहिलेली कामे सुट्टीच्या दिवशी उरकावी लागतात. पाहुण्याने सकाळी चहाची वाट पाहत बसावे, आणि गृहिणीने कामावर जाण्यापूर्वी चौघांचा स्वयंपाक करून ठेवावा, हे बरे नव्हे. चारदोन दिवसांनंतर आपण पाहुणे नसून त्या घरातील काम करणारी माणसे आहो, असे समजून भाजी चिरणे, भांडी धुणे, वाणसामान आणणे ही कामे न सांगता उचलावी. पुरुषांनी ती अधिक उचलावी. कारण मुक्कामाचा भार बहुधा त्या घरच्या बाईवर पडतो, आणि निमंत्रण बहुधा पुरुषाने दिलेले असते.

काही गोष्टी बारीक आहेत, पण त्यांनीच मने दुखावतात. तेथील न्हाणीघरात पुष्कळदा जमिनीस पाणी जाण्याची वाट नसते. आपल्यासारखे बादलीने स्नान केले, तर पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरते. मोहरीची फोडणी चरचरली की धुराची सूचना देणारी घंटा वाजू लागते, तेव्हा खिडकी आधी उघडावी. जर्मनीत रात्री व रविवारी शांतता पाळण्याचा नियम आहे. त्या वेळी मोठा आवाज करणारे काम करीत नाहीत. भेटीची वस्तू नेताना तूप, पेढे, खव्याची मिठाई नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे. लखनौहून जाणाऱ्याने चिकनकामाचा एखादा कुर्ता न्यावा. तो हलका असतो, जकातनाक्यावर अडत नाही, आणि वर्षानुवर्षे आठवण देतो.

चाकांवरच्या घराचा खरा उपयोग येथेच दिसून येतो. ज्याचे बिऱ्हाड बरोबर आहे, त्याला मित्राच्या दोन खोल्यांत चौघांचे अंथरूण पसरावे लागत नाही. रात्री तो आपल्या गाडीत निजतो, सकाळी मित्राच्या टेबलाशी बसतो. अर्थात ती गाडी शेजाऱ्याच्या वाटेत उभी राहणार नाही, आणि त्या रस्त्यावर ती रात्रभर ठेवण्यास परवानगी आहे, हे मित्राकडून आधी विचारून घ्यावे. अशा रीतीने बिऱ्हाड पाठीवर असल्यामुळे मित्राला अडचण होत नाही, आणि मित्राचे दार असल्यामुळे बिऱ्हाड पोरके राहत नाही. नुसते पहिले असेल, तर माणूस शंभर गावे पाहूनही एकाही घरात गेलेला नसतो. नुसते दुसरे असेल, तर तो मित्रांना जड होतो.

भारतातही आता ही सोय येऊ लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण मंजूर केले. हा ‘कारवान’ शब्द मुळात फारसीचा. वाळवंटातून जाणाऱ्या काफिल्याचा. तो इंग्रजीत गेला, तेथे त्याचे शेपूट तुटून ‘व्हॅन’ झाले, आणि आता दोन्ही रूपे आपल्याकडे परत आली आहेत. शब्दालाही असा दीर्घ प्रवास करावा लागतो.

परंतु महाराष्ट्राच्या रस्त्यांवर बिऱ्हाड घेऊन निघणारे प्रवासी ह्या धोरणाची वाट पाहत थांबलेले नव्हते. दसरादिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊस तोडणारी कुटुंबे बैलगाडीत वा ट्रॅक्टरमागे भांडीकुंडी, कोंबड्या आणि तान्ही मुले घालून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. चारसहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात. मुलांची शाळा मागे राहते. त्यांचा प्रवासही दीर्घ, त्यांचेही बिऱ्हाड पाठीवर. फरक एवढाच की तो त्यांनी हौसेने निवडलेला नाही, आणि वाटेत त्यांच्या ओळखीचे दार नाही. परदेशी मित्राने आपल्यासाठी कागदावर सही केली ह्याचे ज्यांना मोल कळते, त्यांनी आपल्या गावाच्या शिवेवर उतरलेल्या ह्या बिऱ्हाडांकडेही पाहावे. पिण्याच्या पाण्याचा एक नळ, गावच्या शाळेत बसावयास जागा, आजारी बाळंतिणीसाठी दवाखान्याची वाट दाखविणारा एक माणूस, एवढ्यानेही परका मुलूख थोडा आपला होतो.

ज्याला पुष्कळ हिंडावयाचे आहे, त्याने आधी आपल्या घरी एक जादा गादी, दोन स्वच्छ चादरी आणि येणाऱ्याचे स्वागत करण्याची सवय ठेवावी. प्रवासाची तयारी तेथूनच सुरू होते. आणि परत आल्यावर जेथे जेथे मुक्काम केला, त्या प्रत्येक घरी स्वहस्ते एक पत्र लिहावे; घरच्या मुलांची नावे त्यात घालावी, खाल्लेल्या पदार्थाची आठवण करावी, आणि आमच्याकडे केव्हा येता, असे विचारावे. विचारल्यावर ते खरोखरच आले, तर दार उघडताना चेहरा मोकळा असावा.